छोट्या भोकाचे पैसे

माझ्या नव्या गिटारला दोन भोकं आहेत. एक मोठं, पोटाच्या मधोमध, कुणालाही दिसेल असं. दुसरं करंगळी जेमतेम जाईल एवढं, अगदी बुडाशी, पट्टा अडकवायच्या खुंटीतच पाडलेलं. मोठ्या भोकातून आवाज बाहेर येतो. छोट्यातून माझे चार-साडेचार हजार रुपये बाहेर गेले.

कारण हीच गिटार, हेच लाकूड, ह्याच सहा तारा, पण छोटं भोक नसलेली, शेजारच्याच हुकाला तेवढ्याने स्वस्त लटकत होती. "काका, प्लेन देऊ की सेमी?" दुकानातल्या पोराने विचारलं. प्लेन म्हणजे साधी लाकडी. सेमी म्हणजे तीच, पण आत यंत्र बसवलेली. वायर खुपसली की स्पीकरवर वाजणारी. माझं बोट प्लेनकडे वळतच होतं, तेवढ्यात त्याने ते वाक्य टाकलं ज्याच्यापुढे मराठी मध्यमवर्गाचा आजवर टिकाव लागलेला नाही. "असू द्या ना काका. पुढेमागे लागलंच तर?"

ह्या 'लागलंच तर'वर आपल्या घरातलं निम्मं सामान उभं आहे. चौघांच्या घरातला चोवीस जणांचा डिनर सेट, एकदाही न उलगडलेला सोफा-कम-बेड, मिक्सरचं ते सगळ्यात छोटं भांडं, पाहुण्यांसाठीच्या गाद्या आणि त्या गाद्यांसाठी घेतलेलं कपाट. पोराने माझ्या पिकल्या कानशिलांकडे बघत, जराही न हसता, पुढचा बाण सोडला. "उद्या स्टेजवर वाजवायची वेळ आली तर प्लेनला माइक लावत बसाल." उद्या. स्टेजवर. मला तेव्हा सी, जी आणि ई मायनर एवढेच कॉर्ड येत होते आणि एकातून दुसऱ्यात पोचेपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा पिऊन व्हायचा. तरी मी कार्ड काढलं. ज्याने आपल्याला स्टेजवर पाहिलं त्याच्याशी घासाघीस करवत नाही.

चाळिशीपुढचं गिऱ्हाईक गिटारच्या दुकानात ओळखायला सोपं. ते गिटार वाजवून बघत नाही. वाजवणार कसं? पलीकडच्या स्टुलावर एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ठाण मांडून असतो. त्याला विकत काहीच घ्यायचं नसतं. दुकानातली सगळ्यात महाग गिटार मांडीवर घेऊन, डोळे मिटून, तो असा काही सुटलेला असतो की त्याच्यासमोर आपला सी कॉर्ड लावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. म्हणून प्रौढ गिऱ्हाईक गिटार उचलून वजन बघतं. एक डोळा मिटून तिची मान सरळ आहे का ते तपासतं. भोकात डोकावून आतलं लेबल पुटपुटत वाचतं. आणि अगदी शेवटी, माठ घेताना वाजवतात तसं, तिच्या पाठीवर बोटाच्या पेरांनी टकटक करतं आणि 'हं' म्हणतं. ह्यात हसण्यासारखं तसं काही नाही. गिटार घडवणारे कारागीरसुद्धा लाकडाची फळी चिमटीत धरून अशीच ठोकून ऐकतात. फक्त काय ऐकू यायला हवं ते त्यांना ठाऊक असतं. आपलं 'हं' निव्वळ सद्भावनेपोटी.

आमच्या पिढीला गिटार भेटली ती सिनेमात. नायक ती बर्फात वाजवायचा, बागेत वाजवायचा, शिकाऱ्यात बसून वाजवायचा. बरं, चांगली इलेक्ट्रिक गिटार. पण वायर कुठेही गेलेली दिसायची नाही, आणि आवाज थिएटरभर. खरे वाजवणारे पडद्यावर नसायचेच. 1973 च्या 'यादों की बारात'मधल्या 'चुरा लिया है तुमने'ची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली, तेच ते गझल गाणारे भूपिंदर, हे मला फार उशिरा कळलं. वाद्यवृंदात गोव्याहून आलेले वादक भरपूर. त्या काळी मुंबईत पोटापाण्याला आलेल्या गोवेकरांचा मुक्काम धोबी तलावच्या कुडांत, म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेल्या सामायिक बिऱ्हाडांत असायचा. वाद्यांची दुकानंही तिथेच. त्यातलं फुर्टाडोज 1865 पासूनचं. आमच्या ठाण्यातला कुणी 'धोबी तलावला जाऊन आलो' म्हणाला की एकतर त्याने वाद्य घेतलेलं असे, नाहीतर इराण्याकडे ब्रुन-मस्का खाल्लेला असे. बहुतेक वेळा ब्रुन-मस्काच. वाद्य बघून येणं फुकट असे, ब्रुन-मस्का परवडत असे.

असो. गिटार घरी आली. पिशवीची चेन उघडताना घरातली सगळी जमली, कारण ती चेन फार लांब असते आणि तिचा आवाज सामानाबद्दल अपेक्षा वाढवतो. आत लाकूड, वार्निश आणि डिंक ह्यांचा मिळून एक वास होता. हा वास फार दिवस टिकत नाही म्हणून मी मोठ्या भोकाला नाक लावून तो पुरवून पुरवून घेत होतो. "वाजव की," बायको म्हणाली. मी म्हटलं, आधी समजून घ्या. आणि छोट्या भोकाची महती सांगायला बसलो.

गिटारच्या पोटावर जी पट्टी असते, जिच्यावरून तारा जातात, तिच्या पांढऱ्या हाडाखाली एक बारीक पट्टी दडवलेली असते. पिझो म्हणतात तिला. काही स्फटिक असे असतात की त्यांच्यावर दाब पडला की वीज तयार होते. पिएर आणि जॅक क्युरी ह्या भावांनी 1880 मध्ये हे दाखवून दिलं. पिएर म्हणजे पुढे मारी क्युरींचे यजमान. तार थरथरली की हाड दाबलं जातं, हाड दाबलं की पिझो दाबला जातो, त्यातून इवलीशी वीज निघते, ती आतलं यंत्र वाढवतं आणि छोट्या भोकातून वायरीत सोडतं. मी हे सगळं हातवारे करून सांगितलं.

"दाबलं की वीज," बायको म्हणाली. "म्हणजे आपला गॅसचा लायटर."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तिचं शंभर टक्के बरोबर होतं. ओट्यावरचा तो टकटक लायटर ह्याच तत्त्वावर चालतो. आतला स्फटिक ठोकला जातो आणि ठिणगी पडते. क्युरी बंधूंचा शोध आमच्या घरात दिवसातून दोनदा पोळ्या-भाजीच्या वेळी वाजतच होता.

"एवढे पैसे घालून लायटर आणलास," ती म्हणाली. "आणि त्याने गॅसही पेटत नाही."

ही कल्पना गिटारमध्ये रुजवली कुणी, तर हेलिकॉप्टर बनवणाऱ्या माणसाने. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये चार्ल्स कामान नावाचे गृहस्थ हेलिकॉप्टरं बनवत आणि फावल्या वेळात गिटार वाजवत. 1966 मध्ये त्यांनी 'ओव्हेशन' नावाने गिटारी काढल्या. हेलिकॉप्टरात कुठला भाग थरथरतो आणि त्याचं काय करायचं हे त्यांच्या माणसांना पाठ होतं. तेच ज्ञान त्यांनी गिटारकडे वळवलं. पाठ लाकडाची न करता कृत्रिम धाग्यांच्या मिश्रणाची केली, आणि चपटी न ठेवता कढईसारखी गोल केली. पुढे हाडाखाली पिझोही बसवला, आणि स्टेजवरचे गायक माइकच्या दांडीपासून सुटून हिंडूफिरू लागले. ह्या गोल पाठीबद्दल एकच तक्रार सगळीकडे ऐकू येते: बसून वाजवायला घेतली की मांडीवरून घसरते. दुकानात मी तशा घाटाची एक घेऊन बघितली. तिची पाठ गोल, माझं पोट गोल. दोन गोल वस्तू एकमेकींना फार काळ टेकून राहू शकत नाहीत हे भूमितीतच आहे. मी चपटी घेतली.

आतल्या यंत्राला एक बॅटरी लागते, ती चौकोनी, नऊ व्होल्टची, जिला वरच्या अंगाला दोन बटणं असतात आणि जी आपण लहानपणी जिभेला लावून जिवंत आहे का ते बघायचो. (ती चव पुढे आयुष्यात कुठल्याही पदार्थाला आली नाही.) गंमत अशी की यंत्राला चालू-बंद करायला बटण नाही. छोट्या भोकात वायर खुपसली की ते जागं होतं, उपसली की झोपतं. वायर रात्रभर तशीच राहिली तर गिटार भिंतीला टेकून, कुणी न वाजवता, रात्रभर बॅटरी खाते. आमच्या घरात झोपण्यापूर्वी गॅस बंद, दाराची कडी, गिझर बंद अशी एक यादी म्हटली जाते. त्यात 'बाबाची वायर' ही नवी ओळ मुलीने घातली आहे आणि ती मोठ्याने म्हणते.

वायर खुपसायची कुठे, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. सुरुवातीचा बराच काळ माझी वायर एका टोकाला गिटारमध्ये आणि दुसऱ्या टोकाला कशातच नव्हती. तशीही मजा यायची. गिटारच्या खांद्यावर एक काळी पट्टी आहे, तिच्यावर व्हॉल्यूम, बास, मिडल, ट्रेबल अशा चकत्या आहेत, आणि 'फेज' नावाचं एक बटण. स्पीकर नसताना ह्या चकत्या फिरवल्या तर आवाजात कणभरही फरक पडत नाही. पण फरक पडतोय असं वाटतं. मी तर बास किंचित कमी केल्यावर मान डोलावून 'आता बरं' म्हटलेलं माझ्या मुलीने ऐकलं आहे.

त्या पट्टीत ट्युनरही आहे, आणि छोट्या भोकाचे पैसे कशाने वसूल झाले असतील तर ह्या ट्युनरने. त्याआधी मी फोनवरच्या ट्युनरने तारा लावून बघितल्या होत्या. फोन आपला सगळंच ऐकतो. तार छेडली की तो सुई हलवतो, कुकरची शिट्टी झाली की सुई तिकडे, खाली भाजीवाला 'मेथीऽऽय' म्हणाला की सुई तिकडे. भाजीवाला बहुतेक वेळा माझ्यापेक्षा सुरात असायचा. गिटारमधला ट्युनर मात्र हाडाखालच्या पट्टीकडूनच ऐकतो. कुकर फुटला तरी त्याला पत्ता नसतो. अक्षर येतं, तार उतरली असेल तर काटा डावीकडे, चढली असेल तर उजवीकडे, बरोबर लागली की हिरवा दिवा. सहाही तारांना हिरवा दिवा मिळाला की मला दहावीच्या निकालाच्या दिवशी झाला नव्हता इतका आनंद होतो. मग मी गिटार खाली ठेवतो. पाचेक मिनिटांनी पुन्हा घेतो. नव्या तारा ताणल्या जाऊन उतरलेल्याच असतात. पुन्हा हिरवे दिवे.

घरच्यांचं म्हणणं, हे नमनाला घडाभर तेल आहे. मला हा न्याय कळत नाही. गवयाचे तानपुरे स्टेजवर पंधरा-वीस मिनिटं लागत असतात, खुंट्या पिळल्या जातात, मणी सरकवले जातात, दोऱ्याची जव्हारी शोधली जाते, आणि पहिल्या रांगेतले जाणकार त्यालाच दाद देतात. मी बैठकीच्या खोलीत सहा तारा लावायला तेवढाच वेळ घेतला की म्हणतात, "सुरू कर की, सिरियल लागायचीय."

सहा तारा लागल्यानंतर मग अण्णा असतात. अण्णा म्हणजे माझे वडील. पेटी वाजवतात. पहिल्याच दिवशी ते खुर्ची ओढून समोर बसले आणि त्यांनी मूळ प्रश्नाला हात घातला.

"ह्याचा सा कुठला?"

"कुठलाही, अण्णा."

"कुठलाही कसा असेल? माणसाला घर लागतं."

मी सी कॉर्ड छेडला. म्हटलं, हा घ्या सा, हा गांधार, हा पंचम, तिन्ही एकदम. अण्णांनी डोळे मिटले. दात दुखत असल्यासारखा चेहरा केला. "गांधार चढा आहे."

मी ट्युनरचा हिरवा दिवा दाखवला. यंत्राचा पुरावा. अण्णा दिव्याकडे बघेनात. "दिव्याला कान असतात का?"

नंतर वाचून काढलं तर अण्णांचं बरोबर. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून बसवलेले असतात. कुठल्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून केलेली ही तडजोड आहे. तिच्यात पंचम जवळजवळ जागेवर राहतो, पण गांधार, अर्ध्या स्वराचे 100 भाग केले तर सुमारे 14 भाग चढा लागतो. ट्युनर ह्या तडजोडीलाच हिरवा दिवा दाखवतो. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार ज्याच्या कानात बसला आहे त्याला हे 14 भाग खड्यासारखे लागतात.

पण हे बोलणार कोण, तर पेटीवाले! पेटीवर नेमका हाच आरोप होता. सूर ठोकून पक्के केलेले, मींड निघत नाही, परदेशी वाद्य, आपल्या श्रुती बिघडवतं. ह्या आरोपावरून 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. अण्णांच्या तरुणपणाची सगळी उमेदीची वर्षं त्या बंदीला शिव्या घालण्यात गेली. मी हे हळूच काढलं. ते म्हणाले, "आमच्या पेटीचे सूर मी घासून लावून घेतलेत. कारागीर बसवून. तुझे पडदे घासणार का?"

मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. म्हटलं, गिटारवर आपलं संगीत वाजतंच की. ब्रिजभूषण काबरांनी ती मांडीवर आडवी घेऊन राग वाजवले. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी आणि काबरांची गिटार. तुमच्याच कपाटात कॅसेट आहे. विश्वमोहन भट्टांना तर 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं.

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं. "ते काबरा," ते म्हणाले. "तू तू आहेस."

तरी गिटारमध्ये एक गोष्ट त्यांना आवडली. लेबलवर आणि माहितीपत्रकात 'इंडियन रोजवूड' असं छापलं आहे, म्हणजे आपला शिसव. गिटार जोडली परदेशात, पण मानेवरची काळपट पट्टी शिसवी. जगभरच्या गिटारवाल्यांना पूर्वी ब्राझीलचा रोजवूड लागायचा. तो तोडून तोडून इतका विरळ झाला की 1992 मध्ये वन्य जीव आणि वनस्पतींच्या व्यापाराच्या साइट्स करारात त्याला सगळ्यात कडक यादीत टाकावं लागलं. त्याच्या बऱ्याच आधीपासून मोठमोठ्या कंपन्या दक्षिण भारतातल्या शिसवाकडे वळल्या होत्या. 2017 मध्ये ह्या जातीच्या सगळ्याच झाडांवर कागदपत्रांची सक्ती आली, तेव्हा गिटार घेऊन विमानात बसणाऱ्यांची झोप उडाली; 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. अण्णा पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले. आमच्या वाड्यात आजोबांचा शिसवी पलंग होता, चार माणसांनी उचलायचा. वाडा पाडून फ्लॅट झाले तेव्हा तो लिफ्टमध्ये मावेना, जिन्यावर वळेना, म्हणून जुन्या फर्निचरवाल्याला देऊन टाकला. त्याने जे पैसे दिले त्यात आज गिटारची पिशवीही येणार नाही. "पलंग दिला आणि फूटपट्टी विकत घेतली," अण्णा म्हणाले. पण पट्टी सोडली नाही बराच वेळ.

आता बोटांबद्दल. पहिली तार जेमतेम 0.3 मिलिमीटर जाड असते. सहा तारांची मिळून ओढ 70 किलोच्या वर जाते. म्हणजे गिटार नुसती खुर्चीला टेकवलेली असते तेव्हाही तिच्या मानेला एक मध्यम बांध्याचा गृहस्थ सतत लोंबकळत असतो. ही तार मऊ सरकारी बोटाने दाबायची. सुरुवातीला बोटांच्या शेंड्यांवर खाचा पडतात, मग ते हुळहुळतात, मग बधिर होतात, आणि मग तिथे घट्टे येतात. घट्टा आला की माणूस वादक झाला. मी ते घट्टे लोकांना हातात हात घेऊन दाखवतो. हापिसातलं हजेरीचं यंत्र मात्र कौतुक करेना. डाव्या तर्जनीवर ते मला ओळखत असे, आता 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणू लागलं. शेवटी उजवा अंगठा नोंदवून घ्यावा लागला. अर्जात कारण काय लिहायचं असं त्या विभागातल्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, संगीत. त्यांनी 'त्वचाविकार' लिहिलं.

घट्ट्यांनंतर एफ कॉर्ड येतो. एफ हा गिटारमधला कसारा घाट. तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या, आणि उरलेल्या बोटांनी पुन्हा वेगळं काहीतरी करायचं. माझ्या एफमधून वाजतात त्या दोन तारा. बाकीच्या चार टपटप करतात, पत्र्यावर पाऊस पडल्यागत. जुन्या गिटारींच्या जाहिराती वाचा. 'फारशी वापरलेली नाही, नव्यासारखी, पिशवीसकट.' ह्यातली प्रत्येक गिटार एफच्या वळणावर खाली उतरलेली असते. तिचा मालक तेव्हा पंचविशीत असतो. आम्ही पन्नाशीत सुरू केलेले लोक विकत नाही. आम्ही एफ नसलेली गाणी शोधतो. ती सापडतात. आणि नाही सापडली तर कॅपो असतो.

कॅपो म्हणजे मानेला लावायचा स्प्रिंगचा चाप. तो लावला की सगळ्या तारा एकदम वर सरकतात आणि सोप्या कॉर्डांवर अवघड पट्टी वाजते. कॅपो माझ्याकडे आहे, पण तो कधी सापडत नाही, कारण केळ्याच्या वेफर्सच्या उघड्या पुडीला त्याच्याइतकं घट्ट दुसरं काही बसत नाही हा शोध घरात लागला आहे. तारा छेडायची पिकं तर किती घेतली आणि कुठे गेली ह्याचा हिशेबच नाही. हल्ली मुदत संपलेल्या क्रेडिट कार्डाची कापून वापरतो. आणि पावसाळा. लाकडी वाद्याला हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास मानवते म्हणे. जुलैत ठाण्यात पन्नास टक्के आर्द्रता शीतकपाटातसुद्धा नसते. म्हणून बुटांच्या खोक्यांतल्या, औषधांच्या बाटल्यांतल्या, कुणाच्या नव्या पर्समधल्या त्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्या मी गोळा करून गिटारच्या पिशवीत भरतो. नातेवाइकांकडे गेलो की हल्ली ते पुड्या काढूनच ठेवतात. मोठ्या भोकाची निगा ह्याच्यात. छोट्याचं काहीच होत नव्हतं.

वायरीचं दुसरं टोक रिकामं असल्याची टोचणी शेवटी असह्य होऊन मी एक छोटा अँप, म्हणजे आवाज वाढवणारा स्पीकर, आणला. डब्याएवढा. एका भोकात गिटार, दुसऱ्यात माइक अशी दुहेरी सोय. माइकची मला गरज नव्हती, पण लागलंच तर. आणि कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर 'वेळ आली' ती आली.

खाली सतरंजी, कडेला दुधाचं पातेलं, वर चंद्र. मी अँप लावला, वायर लावली, चकत्या फिरवल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फरक पडला. आणि पहिला कॉर्ड छेडायच्या आधीच अँपमधून अशी 'कूँऽऽऽ' उठली की तिसऱ्या इमारतीतली कुत्री जागी झाली. ह्याचं कारण साधं आहे. अँपचा आवाज गिटारच्या पोटावर आदळतो, पोट थरथरतं, ती थरथर पिझो उचलतो, अँपला देतो, अँप ती वाढवून पुन्हा पोटावर सोडतो. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना अफवा सांगत राहावं तशी ती गोल गोल वाढत जाते. उपाय तीन. एक, अँपकडे तोंड करून बसायचं नाही. दोन, ते 'फेज' बटण दाबायचं, त्याचा जन्म ह्यासाठीच असतो. तीन, मोठ्या भोकात रबराचं बूच बसवायचं. ते माझ्याकडे होतं, अँपसोबत गळ्यात मारलेलं. मी ते दाबून बसवलं आणि किंचाळी थांबली. म्हणजे ज्या भोकावर गिटार उभी आहे ते बुजवल्याशिवाय माझं साडेचार हजारांचं भोक चालेना.

मग गाणी झाली. छान झाली. एकदा पन्नास माणसं टाळ्या वाजवत गायला लागली की गिटार वाजतेय की नाही हे वाजवणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. ह्या वाद्याची ही बाजू शिकवणीत कुणी सांगत नाही. अण्णा बाजूला खुर्चीवर बसून दूध पीत होते. गांधाराबद्दल काही बोलले नाहीत. गर्दीत त्यांना तो ऐकू आला नसावा.

सतरंज्या गोळा होत असताना पहिल्या मजल्यावरच्या काकू आल्या. भजनी मंडळ त्या चालवतात. गिटारला वळसा घालून त्या अँपपाशी गेल्या, वाकून दुसरं भोक बघितलं, बोट लावून विचारलं, "ह्यात माइक लागतो का रे?"

"लागतो काकू."

"एकादशीला देशील का मंडळाला? टाळ सुरू झाले की आमचे आवाज मागच्यांना पोचतच नाहीत."

"देईन की. त्यात काय. मीही येऊ का? साथीला?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं, गिटारकडे बघितलं. कुणाचं मन मोडायचं नाही हा त्यांचा स्वभाव. "अरे, ये की," त्या म्हणाल्या. "भगर-आमटी आहे. गिटार नाही आणलीस तरी चालेल, ह्या डब्याची वायर तेवढी आठवणीने आण."